चीनमधील लघुनगरे आणि ग्रामीण नागरीकरण

खेडे आणि शहर यांच्यामधल्या वस्तीला चीनच्या समाजशास्त्रात लघुनगर म्हणतात. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ, शासनाची सर्वांत खालची कचेरी, शाळा-दवाखाना आणि १९८० नंतर त्यांच्या जोडीला आलेले कारखाने, असे तिचे साधारण रूप. शेतकऱ्याने शेतीबाहेरचे काम धरावे, पण त्यासाठी महानगरात जाऊ नये, या धोरणावर चीनने सुमारे वीस वर्षे भर दिला. १९७८ मध्ये चीनच्या लोकसंख्येत नागरी वाटा सुमारे १८ टक्के होता. २०२० च्या जनगणनेत तो ६३.८९ टक्के भरला. या वाढीच्या गोष्टीत शांघाय आणि शेनझेन पुढे असतात, पण शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर काय उभे केले ते पाहायचे तर लघुनगरांकडेच जावे लागते.

या नगरांची मुळे जुन्या बाजारव्यवस्थेत आहेत. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जी. विल्यम स्किनर यांनी सिचुआन प्रांतातल्या बाजारगावांचा नकाशाच मांडला. साधारण अठरा-वीस खेड्यांमागे एक बाजारगाव असे आणि दहा दिवसांच्या चक्रात ठरलेल्या दिवशी, म्हणजे पहिल्या, चौथ्या आणि सातव्या अशा दिवशी, तिथे बाजार भरे. आपल्याकडच्या आठवडी बाजारांप्रमाणे शेजारच्या गावांचे दिवस वेगवेगळे असल्याने फिरत्या व्यापाऱ्याला रोज कुठे ना कुठे दुकान मांडता येई. सोयरीकही बहुधा याच टापूत जुळे. शेतकऱ्याचे खरे जग त्याच्या खेड्यापुरते नसून त्याच्या बाजारगावाएवढे असते, हा स्किनर यांचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे.

यांगत्से नदीच्या मुखाकडच्या कालव्यांच्या प्रदेशात हा संबंध होड्यांवर चाले. समाजशास्त्रज्ञ फेई शियाओतोंग (१९१०–२००५) यांनी १९३६ मध्ये जियांग्सू प्रांतातल्या काईश्येनगोंग या खेड्याचा अभ्यास केला, तेव्हा गावातले नावाडी रोज झेन्झे या नगराला जात. तेल-मीठ हवे असणारे लोक रिकामी बाटली आणि पैसे नावाड्याच्या हवाली करत आणि नाव परतली की जिन्नस ताब्यात घेत. या खरेदीसाठी नावाडी गावकऱ्यांकडून काहीच घेत नसे. नगरातले दुकानदार त्याला खूश ठेवत आणि गावचे रेशीम विकून दिल्याबद्दल त्याला दलाली मिळे. गाव आणि नगर एकमेकांना किती घट्ट धरून होते, ते या एका नावेवरून कळते.

साम्यवादी राजवटीत ही वीण उसवली. १९५३ पासून धान्याची खरेदी सरकारने आपल्या हातात घेतली, १९५६ पर्यंत खासगी दुकानदारी जवळजवळ संपली आणि १९५८ मध्ये हुकोऊ ही कुटुंबनोंदणी पद्धत कायद्याने लागू झाली. तिने प्रत्येक माणसावर ‘शेतकी’ किंवा ‘बिगरशेतकी’ असा शिक्का मारला. बिगरशेतकी माणसाला शहरात शिधा, घर आणि नोकरी मिळे. शेतकी माणूस कम्यूनला, म्हणजे गावांच्या सामूहिक शेतीसंस्थेला, बांधला गेला. शिक्का आईकडून मुलांकडे जाई, त्यामुळे खेड्यात जन्मलेल्याची सुटका अवघड होती. व्यापार गेलेली बाजारगावे ओस पडू लागली.

फेई यांना १९५७ मध्ये ‘उजवे’, म्हणजे राजवटीचे विरोधक, ठरवण्यात आले आणि त्यांचे काम दोन दशकांहून अधिक काळ थांबले. पुनर्वसन झाल्यावर सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ पुन्हा आपल्या वुजियांग जिल्ह्यात फिरू लागले. १९८३ मध्ये त्यांनी तिथल्या पाच नगरांचे पाच प्रकार मांडले. झेन्झे खेड्यांच्या मालाची पेठ, शेंगझे रेशीम विणणाऱ्यांचे, सोंगलिंग जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे, तोंगली पूर्वी जमीनदारांच्या निवांत वास्तव्याचे आणि पिंगवांग जलमार्ग व रस्ते जिथे मिळतात त्या नाक्याचे. प्रत्येक नगराचे पोट वेगळ्या गोष्टीवर भरते, म्हणून सगळ्यांना एकच औषध लागू पडणार नाही, हे त्यातून दिसत होते. पुढच्या धोरणकर्त्यांनी फेई यांचे नाव वारंवार घेतले, पण ही शिकवण मात्र बरेचदा दुर्लक्षिली.

नगरे पुन्हा जिवंत झाली ती कारखान्यांमुळे. दक्षिण जियांग्सूत माणसे जास्त आणि जमीन थोडी. कम्यूनच्या काळातच तिथे छोटे सामूहिक कारखाने निघाले होते. कम्यून मोडल्यावर १९८४ मध्ये त्यांना ‘नगर-ग्राम उद्योग’ हे नाव मिळाले. शांघायच्या सरकारी कारखान्यांतले तंत्रज्ञ सुटीच्या दिवशी इथे येऊन यंत्रे लावून देत. त्यांना ‘रविवारचे अभियंते’ म्हणत. ‘माती सोडा, गाव सोडू नका, कारखान्यात जा, शहरात जाऊ नका’ हे त्या काळचे घोषवाक्य. या उद्योगांतले कामगार १९७८ मध्ये सुमारे २.८ कोटी होते, ते १९९६ पर्यंत साडेतेरा कोटींच्या आसपास गेले. हे आपल्याला अपेक्षितच नव्हते, अशी कबुली खुद्द चीनचे सर्वोच्च नेते डंग शियाओपिंग यांनी १९८७ मध्ये दिली.

सगळीकडे वाट एक नव्हती. दक्षिण जियांग्सूत मालकी गावसंस्थांची होती. ग्वांगडोंगच्या डोंगग्वानमध्ये हाँगकाँगचे भांडवल आले; तिथल्या हूमन नगरात १९७८ मध्येच परदेशी मालावर काम करणारा पिशव्यांचा कारखाना निघाला. झेजियांगच्या वेन्झोऊत मात्र घराघरातून खासगी धंदा फुटला. याच भागातल्या छ्याओतोऊने बटणांचा बाजार वसवला, तर त्याच प्रांतातले दातांग मोज्यांसाठी जगभर पोहोचले.

वेन्झोऊतलेच लोंगगांग ‘शेतकऱ्यांनी बांधलेले पहिले शहर’ म्हणून ओळखले जाते. १९८४ मध्ये आओ नदीकाठची पाच मच्छीमार खेडी एकत्र करून ते स्थापन झाले. सरकारकडे पैसा नव्हता. तेव्हा नगराच्या अधिकाऱ्यांनी आसपासच्या कमावत्या शेतकऱ्यांना आवाहन केले: आपले धान्य घेऊन या, प्लॉटच्या दर्जाप्रमाणे सुविधा शुल्क भरा आणि घर स्वतः बांधा. त्या शुल्कातून रस्ते, पाणी आणि शाळा झाल्या. जमिनीचे वापरहक्क हस्तांतरित करण्याची मुभा चीनच्या राज्यघटनेत १९८८ मध्ये आली, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसांची हिंमत कळते. स्वतःच्या धान्याची सोय करणाऱ्या शेतकऱ्यांना नगरात नोंदणी देण्याची देशव्यापी परवानगीही १९८४ सालचीच. पुढे लोंगगांग छपाई उद्योगाचे केंद्र बनले आणि २०१९ मध्ये त्याला नगरातून थेट जिल्हास्तरीय शहराचा दर्जा मिळाला.

१९८४ मध्ये नगराचा दर्जा देण्याचे निकष सैल झाले आणि देशातल्या नगरांची संख्या १९७८ मधल्या सुमारे दोन हजारांवरून २००० पर्यंत वीस हजारांवर गेली. यातली बरीच वाढ कागदावरची होती. तालुक्यासारख्या मोठ्या टापूला नगर म्हटले तरी आत खेडी आणि शेतेच राहिली. १९९८ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने लघुनगरांना ‘मोठी रणनीती’ म्हटले, पण तोवर त्यांचा जोर ओसरू लागला होता. सामूहिक कारखाने खासगी हातांत जात होते, १९९४ च्या करसुधारणेने स्थानिक तिजोऱ्या आकसल्या आणि किनाऱ्यावरची मोठी शहरे कोट्यवधी स्थलांतरितांना ओढून घेत होती.

या विकासाची किंमतही मोठी होती. ‘गावोगाव भट्टी, घरोघर धूर’ असे कौतुकाने म्हटले जाई, पण विखुरलेल्या कारखान्यांचे सांडपाणी कालव्यांतच गेले. २००७ मध्ये थायहू सरोवरात शेवाळ माजले आणि वूशी शहरातल्या लाखो लोकांना नळाचे पाणी पिता येईना. दुसरा घाव जमिनीचा. शहराला बांधकामाची जमीन हवी म्हणून खेड्यातली घरे पाडून तिथे पुन्हा शेती करायची आणि माणसांना इमारतींत हलवायचे, अशी योजना अनेक प्रांतांनी राबवली. लोक याला ‘शेतकऱ्यांना माडीवर चढवणे’ म्हणतात. कोंबड्या पाळायला अंगण नाही, अवजारे ठेवायला जागा नाही आणि पाणी-विजेचे बिल मात्र दर महिन्याला, अशी म्हाताऱ्या शेतकऱ्यांची अवस्था झाली. याला नागरीकरण म्हणणे अन्यायाचे आहे.

२०१४ मध्ये शेतकी-बिगरशेतकी भेद रद्द करण्याचे जाहीर झाले आणि लहान शहरांत नोंदणी खुली करण्यात आली. दर्जेदार शाळा आणि रुग्णालये मात्र मोठ्या शहरांत, आणि तिथली नोंदणी अजूनही कठीण. म्हणूनच २०२० मध्ये ६३.८९ टक्के लोक नागरी भागात राहत असले तरी नागरी हुकोऊ सुमारे ४५ टक्क्यांकडेच होता.

२०१६ पासून सरकारने ‘वैशिष्ट्यपूर्ण नगरे’ निवडायला घेतली; दोन याद्यांत मिळून ४०३ नगरे आली. काही ठिकाणी उद्योगाऐवजी फक्त घरे विकण्याचा धंदा चालल्याने केंद्राला वेसण घालावी लागली. याउलट जियांग्सूच्या शाजी नगरात तरुणांनी कोणत्याही यादीची वाट न पाहता इंटरनेटवर फर्निचर विकायला सुरुवात केली आणि आसपासच्या घरांत सुतारकामाचे कारखाने उभे राहिले. २०२२ पासून धोरणाचा भर लघुनगरांवरून जिल्ह्याच्या मुख्य गावांकडे सरकला आहे. खेड्यातल्या मुलांचे शिक्षण आणि नव्या जोडप्यांची घरखरेदी तिकडे वळत असून, अंतर्भागातल्या कित्येक नगरांत मागे राहिलेल्यांत म्हाताऱ्यांचाच भरणा अधिक आहे.