मोगलीचा अजगर: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

‘द जंगल बुक’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डिस्नेचा 1967चा चित्रपट उभा राहतो. किपलिंगचं पुस्तक 1894चं, त्याचा दुसरा भाग 1895चा. चित्रपट तुम्ही पाहिलेलाच असणार, म्हणून लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीची ती गोष्ट सांगत बसत नाही.

किरकोळ फरक आधी उरकतो. पुस्तकातला शेरखान वाघ लंगडा आहे आणि म्हशींच्या पायांखाली तुडवला जातो. चित्रपटात तो शेपटीला बांधलेली जळती फांदी घेऊन पळ काढतो. पुस्तकातला बल्लू अस्वल आळशी गवई नाही, जंगलचा कायदा शिकवणारा कडक मास्तर आहे. चित्रपटातला माकडांचा लुई राजा तर पुस्तकात नाहीच. माकडांना ना नेता ना कायदा, म्हणूनच बाकीचं जंगल त्यांना तुच्छ मानतं. त्यांच्या डोक्यावर राजा बसवणं मला मुळीच पटत नाही. शिवाय तो ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओचा, मोगलीचं रान मध्य भारतातल्या सिवनीचं.

खरा घोळ आहे तो ‘का’ या अजगराचा. मोगलीला गिळायला टपलेला दुष्ट साप, असं चित्रपटातल्यासारखं त्याचं वर्णन वाचलं की माझा जीव तुटतो. पुस्तकात माकडं मोगलीला उजाड नगरात पळवून नेतात, तेव्हा बल्लू आणि काळा बिबट्या बघीरा मदत मागायला जातात ते ‘का’कडेच. माकडं तुला बिनपायाचं पिवळं गांडूळ म्हणतात, एवढं कानावर घालतात आणि तो निघतो. मोगली ज्या संगमरवरी जाळीआड अडकलेला असतो, ती डोक्याच्या धडकांनी फोडतो तो हाच.

मग चांदण्यात त्याचा नाच सुरू होतो. माकडं भारल्यासारखी त्याच्याकडे सरकू लागतात. बल्लू आणि बघीराचंही पाऊल आपोआप पुढे पडतं, तेव्हा मोगलीच त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना भानावर आणतो. तो माणसाचं पोर, त्याला त्या नाचात धुळीत गोल गोल फिरणारा म्हातारा साप दिसतो, बाकी काही नाही. म्हणजे ज्याच्यावर ती मोहिनी चालतच नाही, नेमक्या त्यालाच चित्रपटाने तिच्यात अडकवलं, तेही दोनदा!

‘का’ गरीब मुळीच नाही, त्या रात्री तो माकडांवर पोट भरतो. पण मोगलीशी त्याची मैत्री दुसऱ्या भागातही टिकते. रानकुत्र्यांची टोळी चालून येते तेव्हा मधमाश्यांची युक्ती तोच सुचवतो. आणि एका कथेत तो नुकती कात टाकून पडलेला असतो, तेव्हा मोगली त्याच्याच वेटोळ्यात आरामखुर्चीत टेकावं तसा टेकून नव्या कातडीबद्दल गप्पा मारतो.