स्टेपनीचं ब्रॅकेट मोडलं, तेव्हा आत काय झालं होतं

गेल्या पावसाळ्यात केळदहून परत येताना जिप्सीच्या मागून ठण्ण असा आवाज झाला. उतरून पाहतो तर स्टेपनी एका बाजूने खाली आलेली, नुसत्या कडीच्या जोरावर लोंबकळत होती. मी आणि माझ्या मित्राने वर्षभरापूर्वी दोन रविवार खर्चून तो कॅरियर बनवला होता. मागच्या बंपरच्या कोपऱ्यात खुंटा, खुंट्यावर दारासारखा फिरणारा चौकोनी पाईपचा हात आणि त्या हातावर चाक. हात जिथे खुंट्याच्या प्लेटला वेल्ड केला होता, नेमका तिथेच तुटला. आणि तुटताना तो जराही वाकला नव्हता.

चाक गाडीत टाकून पुण्यात आलो. ओळखीच्या फॅब्रिकेटरने तुकडा उजेडात धरला आणि लगेच निदान केलं, “साहेब, माल कच्चा लागला. हा दाणा बघा, बीड मिक्स आहे.” बीड म्हणजे ओतीव, ठिसूळ लोखंड. हेच वाक्य मी ट्रॅक्टरच्या शाफ्टबद्दल, पाट्यांच्या स्प्रिंगबद्दल, झोपाळ्याच्या कडीबद्दलही ऐकलं आहे. लोखंड तुटलं, आत दाणे चमकले, म्हणजे त्यात बीड होतं! हा समज इतका पक्का आहे, की तो खोडून काढण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

चांगल्यातलं चांगलं पोलादही दाणेदारच असतं. जुन्या जस्ती बादलीवर बर्फाच्या नक्षीसारखी फुलं दिसतात ना, ते जस्ताचे स्फटिक. लोखंडाचेही असेच स्फटिक असतात, फक्त इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटे दिसत नाहीत. पोलाद ताणून, वाकवून तोडलं तर दाणे ओढले जाऊन तोंड मळकट, तंतूंसारखं दिसतं. झटक्यात तुटलं तर दाणे चमकतात. म्हणजे दाणे दिसणं ही तुटण्याची तऱ्हा झाली, मालाची प्रत नव्हे.

माझ्या तुकड्यावर भिंग धरलं तेव्हा दोन वेगळे भाग दिसले. वेल्डच्या काठापासून आत शिरणारा एक पट्टा गुळगुळीत, तपकिरी, गंज बसलेला. त्यावर शिंपल्यावर असतात तशा पुसट कमानी. उरलेला भाग पांढरा, खरखरीत, चमकणारा. फॅब्रिकेटरने पाहिला तो हा चमकणारा भाग, आणि तो तुटला शेवटच्या एका धक्क्यात. खरा इतिहास तपकिरी पट्ट्यात होता. इतका गंज एका दिवसात बसत नाही. ती चीर कित्येक महिने मिलिमीटरच्या बारीक अंशांनी पुढे सरकत होती आणि पावसाचं पाणी तिच्यामागोमाग आत जात होतं.

याला धातूचा थकवा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस (ॲक्सल) मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं जळून मेली. त्या काळच्या इंजिनियरांमध्येही हाच समज होता, की थरथरून थरथरून लोखंडाचे तंतू जातात आणि त्याचे स्फटिक होतात. आपल्या फॅब्रिकेटरचं ‘बीड’ ते हेच. पुढे जर्मनीतल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षं आसाचे नमुने यंत्रावर फिरवून तोडले आणि १८७० पर्यंत एक गोष्ट पक्की केली. लोखंड तुटण्यासाठी त्याच्यावर एकदाच मोठा भार यावा लागत नाही. त्याच्या ताकदीच्या कितीतरी खालचा भार लाखो वेळा आला-गेला तरी ते तुटतं, आणि भार किती यापेक्षा तो किती वर-खाली होतो हे जास्त महत्त्वाचं असतं. १९०३ मध्ये ईविंग आणि हम्फ्री यांनी स्वीडिश लोखंडाला सूक्ष्मदर्शकाखाली थकवून दाखवलं. स्फटिक नवे तयार होत नव्हते. होते त्याच स्फटिकांच्या आत बारीक रेघा उमटत होत्या आणि रेघांची पुढे चीर होत होती.

त्या रेघा कशाच्या? पत्त्यांचा कॅट टेबलावर नीट ठोकून चारी बाजू सारख्या करा. मग तळहाताने वरचे पत्ते थोडे पुढे सरकवा, पुन्हा मागे आणा. शंभर वेळा करा. कॅटची कड पहिल्यासारखी सपाट राहणार नाही, कुठे एक पत्ता बाहेर, कुठे एक आत. स्फटिकात अणूंचे थर असेच एकमेकांवर घसरतात. परत येतात, पण अगदी होते तिथे येत नाहीत. पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या पडतात, पायरीची खाच होते, आणि खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो. कापडाला आधी कात्रीची छोटी चीर दिली की ते हाताने सहज फाटतं, तेच इथे होतं. आता दर धक्क्याला चिरेचं तोंड किंचित उघडतं, टोकाशी थोडं लोखंड घसरतं आणि चीर केसाच्या जाडीच्याही शंभराव्या हिश्शाने पुढे जाते. उरलेल्या लोखंडाला भार पेलेनासा झाला की ठण्ण!

आता वेल्डकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून थोडा जड झाला तरी सोडू नका.

वेल्डची भरण जिथे मूळ लोखंडाला मिळते, त्या काठावर बारीक खाचा आणि अडकलेली मळी असतेच, वेल्डर कितीही हुशार असला तरी. म्हणजे पत्ते सरकून खाच पडायची पहिली पायरी इथे आधीच ओलांडलेली असते. वेल्डचं सगळं आयुष्य चीर वाढण्यातच जातं. शिवाय भरण थंड होताना आक्रसते आणि आजूबाजूचं लोखंड कायमचं ताणून ठेवते, त्यामुळे चिरेचं तोंड मिटायलाच तयार नसतं. चीर वाढण्याचा वेग पोलादाच्या ताकदीवर जवळजवळ अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो ताणाच्या चढउतारावर, आणि तोही घनात. चढउतार दुप्पट केला तर वेल्डचं आयुष्य निम्मं नव्हे, आठव्या हिश्शावर येतं. निम्मा केला तर आठपट वाढतं.

माझ्याच कॅरियरच्या हाताचा हिशेब करू. मोठा टायर आणि लोखंडी रिम मिळून ३५ किलो. चाकाचा मध्य खुंट्यापासून ६५ सेंटिमीटर. म्हणजे खुंट्यापाशी वाकवणारा जोर ३५ × ९.८ × ०.६५, साधारण २२३ न्यूटन-मीटर. पाईप ५० बाय ५० ची, जाडी ३ मिलिमीटर. गाडी उभी असताना पाईपच्या वरच्या बाजूला ताण येतो २७ मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक). खड्ड्यातून उसळून आदळली आणि भार तिप्पट झाला, की ८०. साधं पोलाद वाकायला लागतं २५० ला. मग तिप्पट सुरक्षित आहे ना? आम्ही नेमकं इथेच थांबलो होतो. पण अशा साध्या जोडणीच्या वेल्डला २० लाख हेलकावे सोसवतील असा चढउतार, जोडणीच्या घडणीप्रमाणे, ४० ते ७० मेगापास्कलच असतो. आणि २० लाख म्हणजे फार नव्हे. कडी सैल असेल आणि चाक सेकंदाला १० वेळा थरथरत असेल, तर तासाला ३६,००० हेलकावे. साधारण ५५ तासांत २० लाख भरतात. सगळे हेलकावे तिप्पट भाराचे नसतात, म्हणून आमचा कॅरियर वर्षभर टिकला.

यावरून दुकानात ऐकू येणाऱ्या दोन सल्ल्यांचं काय करायचं ते ठरतं. पहिला सल्ला, ‘हाय टेन्साइल माल, म्हणजे जास्त ताकदीचं पोलाद, वापरा.’ वेल्ड न केलेल्या भागाला त्याचा फायदा आहे. वेल्डच्या काठाला जवळजवळ नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ छापून दुप्पट किमतीला विकणाऱ्यांना हे विचारायलाच हवं. दुसरा सल्ला, ‘भरीव पट्टी टाका, पाईप पोकळ असते.’ माझ्या पाईपमध्ये जितकं लोखंड आहे तितक्याच लोखंडाचा भरीव चौकोनी गज केला तर तो जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो, आणि वाकण्याला त्याचा विरोध पाईपच्या पावपटीहून थोडाच जास्त भरतो. लोखंड मध्यापासून जितकं दूर, तितकं कामाचं. बांबू पोकळ असतो तो याचसाठी.

तिसरा सल्ला शेजारच्या काकांनी दिला, गाडीला नजर लागली, मागे लिंबू-मिरची बांधा. त्यांची माया मला कळते. पण त्या लिंबामुळे आपण निर्धास्त होतो आणि चीर वाढत राहते. खंडेनवमीला गाडीची पूजा मीही करतो. त्याच दिवशी झेंडूचा हार घालण्याआधी चाक उतरवून प्रत्येक वेल्ड चिखल धुऊन पाहावा, एवढंच माझं मागणं आहे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासमोर सुटलेलं ३५ किलोचं चाक हा थट्टेचा विषय नाही.

मुळात चाक दरवाजावर का ठेवलं नाही, असं कुणी विचारेल. दरवाजा मूळ चाकाच्या वजनाला बेतलेला असतो. जाड टायर घातला की वजन वाढतं आणि चाकाचा मध्यही दरवाजापासून दूर जातो. दोन्हींचा गुणाकार होतो आणि बिजागरीभोवतीचा पत्रा चिरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपने स्टेपनी मागच्या पत्र्यावर निभावून नेली, कारण तिचा ६.००-१६ चा टायर अरुंद होता. (जाता जाता, ‘स्टेपनी’ हे नाव वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटचं. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. गावाच्या रस्त्याचं नाव आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे.)

नवा हात आम्ही बनवला तेव्हा पाईप तीच घेतली, मांडणी बदलली. हात थेट चेसिसला बोल्ट केलेल्या बंपरवर बसवला. खुंट्यासाठी भंगारातला बेअरिंगचा हब. चाक हाताला जितकं चिकटेल तितकं चिकटवलं. खुंट्यापाशी प्लेटचा त्रिकोणी आधार दिला, पण त्याचं टोक बोथट न ठेवता निमुळतं करत नेलं, कारण बोथट टोकापाशी ताण नव्याने एकवटतो आणि चीर तिथून निघते. भरणीचा काठ ग्राइंडरने गोलसर घासला, घासण्याचे ओरखडे पाईपच्या लांबीच्या दिशेने ठेवून. आडवा ओरखडा म्हणजे आयती खाच.

सगळ्यात जास्त फरक पडला तो कडीच्या बाजूला. आधी कडी हाताला फक्त मागे उघडू देत नव्हती, वजन सगळं खुंट्यावर होतं. आता कडीखाली उतरता ठोकळा आहे. हात बंद करताना तो त्यावर चढून बसतो आणि खुंट्यापाशी वाकवणारा जोर निम्म्याहून खाली येतो. घनाचा नियम आठवा, आयुष्य आठपटीच्या पुढे गेलं. वर टॉगल क्लॅम्प आहे, तो हाताला रबराच्या गादीवर जोरात दाबून धरतो. हा दाब धक्क्याच्या जोरापेक्षा जास्त असेल तोवर हात ठोकळ्यावरून सुटत नाही, आणि सुटलाच नाही तर आपटतही नाही. चाकाचे नटही याच कारणासाठी आवळायचे असतात. घट्ट बोल्टला भाराचा चढउतार फार थोडा जाणवतो, सैल बोल्टला सगळा.

वेल्डिंग करताना दोन काळज्या घ्या. बॅटरीची तार काढा आणि पेट्रोलच्या टाकीजवळ गाडीवर वेल्डिंग करू नका, भाग उतरवून बाहेर करा. जस्ती पाईप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, तेव्हा आरटीओत आधी विचारा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे चाकाआड जाता कामा नयेत.

चीर शोधायला यंत्र लागत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आसांसाठी वापरत ती युक्ती घरी जमते. वेल्डवरचा रंग घासून काढायचा, रॉकेल लावून अर्धा तास मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्यायचा. लेप वाळला की हाताला दोनचार टपल्या मारायच्या. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर उमटतं. गेल्या महिन्यात नव्या हाताला असा लेप दिला. खुंट्याजवळ काही नव्हतं. चाकाच्या प्लेटच्या डाव्या कोपऱ्यात मात्र नखाएवढी ओली रेघ हळूहळू वर आली. प्लेट उतरवून ती जागा खोल घासली, पुन्हा भरली, आणि पुढच्या लेपाची तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवली.