रेबीजची मोनोक्लोनल अँटीबॉडी लॅबमध्ये आली कुठून

रेबीज म्हटलं की आपल्याकडे बोलणं कुत्रं चावणं आणि पोटातली चौदा इंजेक्शनं इथेच संपतं, पण मेलेल्या जनावराच्या मेंदूत हा व्हायरस आहे की नाही हे लॅबमध्ये कसं ठरवायचं हा प्रश्न तितकाच जुना आहे. 1903 मध्ये इटलीत नेग्रीला मेंदूच्या पेशींमध्ये बारीक ठिपके दिसले आणि पुढची पन्नासएक वर्षं तेच शोधत बसायचं, अडचण एवढीच की रेबीज असूनही कित्येक मेंदूंमध्ये ते ठिपके सापडतच नाहीत.

1958 मध्ये गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी अँटीबॉडीला, म्हणजे व्हायरसला नेमकं जाऊन चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रोटीनला, चमकणारा रंग जोडून टेस्ट केली. मेंदूचा तुकडा स्लाइडवर दाबायचा, थंड ॲसिटोनमध्ये फिक्स करायचा, अँटीबॉडीचा थेंब टाकून थांबायचं, धुवायचं आणि खास मायक्रोस्कोपखाली बघायचं. व्हायरस असेल तर हिरवे ठिपके चमकतात. आजही हीच टेस्ट प्रमाण मानतात. पण तेव्हाची अँटीबॉडी लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातून काढलेली, म्हणजे शंभर प्रकारची सरमिसळ, शिवाय प्रत्येक बॅच वेगळी.

1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटीबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली, त्यामुळे ती मरेना आणि एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवत राहिली, हीच मोनोक्लोनल अँटीबॉडी. तीनच वर्षांत, 1978 ला, फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये विक्टर आणि कोप्रोव्स्की यांनी हेच रेबीजवर केलं आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा टप्पा हाच. तोपर्यंत बहुतेकांची समजूत अशी की रेबीज व्हायरस जगभर जवळपास एकसारखाच, पण या अँटीबॉडी वापरल्यावर दिसलं की एखादी अँटीबॉडी एका स्ट्रेनला (व्हायरसच्या एका उपप्रकाराला) धरते आणि दुसऱ्याला सोडून देते! कारण ती व्हायरसवरची एकच ठरावीक जागा ओळखते. मग अशा अँटीबॉडींचा अख्खा संच वापरून हा व्हायरस वटवाघळाचा, हा रकूनचा, हा कुत्र्याचा असं सांगता यायला लागलं. माणूस रेबीजने गेला आणि चावल्याचं घरच्यांना काहीच माहीत नाही, अशा केसमध्ये संसर्ग कुठून आला हे त्यातूनच कळायला लागलं.

पुढे 1980 च्या दशकात आणखी एक गोष्ट हाती लागली. व्हायरसच्या बाहेरच्या जी प्रोटीनला धरणारी अँटीबॉडी घालून व्हायरस वाढवला, तर तिला चुकवणारे म्युटंट, म्हणजे बदललेले व्हायरस, मिळायचे आणि त्यातल्या काहींमध्ये 333 नंबरचं एकच अमिनो ॲसिड बदललेलं असायचं. ते पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचले तरी उंदीर जगत. व्हायरस इतका घातक कशामुळे होतो याचा धागा तिथे मिळाला, आणि कोल्ह्यांना आमिषातून द्यायची एसएजी2 लसही याच वाटेने आली.

लॅबसाठी अँटीबॉडी घेताना आजही आधी ती व्हायरसच्या कोणत्या प्रोटीनला धरते हेच बघावं लागतं. आतल्या एन प्रोटीनवरची असेल तर ती निदानाला उत्तम, कारण एन भरपूर असतं आणि स्ट्रेननुसार कमी बदलतं, पण व्हायरस निकामी होतो का हे तपासायचं तर जी वरचीच हवी.

जी वरच्याच अँटीबॉडी शेवटी औषध झाल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सबरोबर केलेल्या रॅबिशील्डला 2016 मध्ये भारतात मान्यता मिळाली, जखमेत टोचायला, घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीच्या सीरमऐवजी. त्यात एकच अँटीबॉडी आहे. व्हायरसने नेमकी तीच जागा बदलली तर काय, ही 1978 पासूनची काळजी, म्हणून झायडसच्या ट्विनरॅबमध्ये वेगवेगळ्या जागा धरणाऱ्या दोन अँटीबॉडी आहेत.