जुन्या गोव्याचे बॉम जेझस चर्च : कोल्हापूरकरांची भेट

मांडवीच्या दक्षिण काठावर, पणजीपासून दहाएक किलोमीटरवर जुने गोवे आहे. पोर्तुगीजांची ही एकेकाळची राजधानी. तिथले बॉम जेझस चर्च हे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे तीर्थस्थान असून सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव तिथे जतन केलेले आहे. ‘बॉम जेझस’ म्हणजे भला येशू. हे चर्च बाळ येशूला अर्पण केलेले आहे. १९४६ मध्ये पोपने त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. युनेस्कोने १९८६ मध्ये गोव्यातील चर्चे व मठ यांना जागतिक वारशात घेतले, त्यातले हे सर्वांत गजबजलेले. कोल्हापूर भागातून गोव्याला निघालेल्या सहलीचा हा ठरलेला थांबा आहे. ख्रिस्ती नसलेली माणसेही इथे हात जोडूनच उभी राहतात, आणि ‘चर्च बघितलं’ म्हणण्याऐवजी ‘दर्शन झालं’ असे म्हणतात.

कोल्हापूरहून गोव्याला उतरायच्या वाटा तीन-चार आहेत. आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठून बांद्याहून म्हापसा-पणजी ही सर्वांत चालती. काही जण राधानगरीवरून फोंडा घाट उतरतात, काही बेळगावहून चोर्ला घाट घेतात. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना रायबंदरचा लांबलचक बांध लागतो. तो १६३३-३४ मध्ये बांधला गेला आणि आजही त्यावरून वाहने धावतात. डाव्या हाताला मांडवी, उजवीकडे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची सखल जमीन, आणि मग झाडीतून एकदम चर्चांचे मनोरे वर येतात. एवढी मोठी चर्चे आणि भोवती शहर नाही, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. शहर होते. साथीच्या रोगांनी ते ओस पडत गेले, माणसे पणजीकडे सरकली आणि १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे तिकडे गेली. मागे राहिली ती चर्चे.

जांभा आणि गिलावा

बांधकाम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झाले आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या हस्ते चर्च उपासनेसाठी खुले झाले. बांधणारे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर ‘आयएचएस’ ही जी तीन अक्षरे कोरली आहेत, ती येशूच्या ग्रीक नावाची आद्याक्षरे आणि या संघाची खूण.

इमारत जांभ्याची आहे. पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी या बाजूच्या माणसाला हा दगड नवा नाही. खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्याउन्हात कडक होतो, पण अंगात भोके ठेवतो आणि पाणी पितो. म्हणून कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा देण्याची रीत आहे. बॉम जेझसलाही तो होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अंमलातच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो खरवडून काढण्यात आला. आज ज्या तांबूस, उघड्या भिंतीसमोर सारे जण फोटो काढतात, ते या चर्चचे चारशे वर्षांचे रूप नव्हे. ते उण्यापुऱ्या सत्तर वर्षांचे आहे. गोव्याचा पाऊस तेव्हापासून थेट दगडावर पडतो. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर जांभ्याच्या कडा झिजून गोल झालेल्या आणि भोकांतून शेवाळ धरलेले दिसते. गिलावा परत द्यावा अशी मागणी चर्चकडूनच झालेली आहे, आणि ज्याने पावसाळ्यात जांभ्याचे घर राखले आहे त्याला ती पटावी.

दर्शनी बाजूचे कोरीव काम मात्र जांभ्यात होणे शक्य नव्हते. त्यासाठी काळा बसाल्ट दगड वसईहून समुद्रमार्गे आणला गेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये, म्हणजे हा दगड गोव्यात बसल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. कोल्हापुरातल्या देवळांचा आणि वाड्यांचा काळा दगडही याच जातीचा, त्यामुळे तांबड्या भिंतीतल्या त्या काळ्या चौकटी ओळखीच्या वाटतात.

आतली रचना बाहेरच्या मानाने साधी आहे: एकच लांब दालन, आणि टोकाला सोनेरी मुलाम्याची भव्य वेदी. वेदीवर नजर प्रथम जाते ती येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या मोठ्या पुतळ्याकडे. ज्याच्या नावाचे चर्च तो बाळ येशू त्यांच्या पायाशी, इतका लहान की दाखवल्याशिवाय सापडत नाही. मुलांना तो शोधायला सांगावा.

समाधी

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नव्हारे प्रांतात झाला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. हातातली घंटा वाजवत रस्त्यांतून मुले गोळा करायची आणि त्यांना प्रार्थना शिकवायच्या, ही त्यांची गोव्यातली सर्वांत लोकप्रिय आठवण. पुढची दहा वर्षे ते तमिळ किनाऱ्यावरचे कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान असे फिरत राहिले. गोव्यात सलग राहणे फारसे झालेच नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ शांगचुआन बेटावर त्यांचा अंत झाला. हाडे लवकर मोकळी व्हावीत म्हणून शव चुन्यात पुरले होते. काही महिन्यांनी उकरले तेव्हा ते न कुजता होते तसेच होते, अशी परंपरा सांगते. मलाक्कामार्गे ते मार्च १५५४ मध्ये गोव्यात आले. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून काढून रोमला पाठवण्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि त्यानंतर पार्थिव बॉम जेझसमध्ये आले. संताने हे चर्च पाहिलेले नाही. ते गेले त्यानंतर ४२ वर्षांनी त्याचा पाया घातला गेला.

समाधी वेदीच्या उजव्या अंगाला, स्वतंत्र दालनात आहे. खालचा रंगीत संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने दिला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोजिनी याला त्यासाठी दहा वर्षे लागली. सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले. चारी बाजूंना संताच्या आयुष्यातील प्रसंगांचे पितळी रंगाचे कांस्यपट आहेत.

चौथऱ्यावरची चांदीची पेटी त्याहून जुनी, १६३६-३७ ची, आणि ती गोव्याच्याच सोनारांच्या हातची. तिच्यावर ३२ चित्रपट्ट्या आहेत: कुठे जहाज, कुठे रोगी, कुठे गुडघे टेकलेली माणसे, प्रत्येक हातभराहून लहान चौकटीत ठोकून उठवलेली. हुपरीच्या चांदीकामाशी ज्याचा संबंध आहे असा माणूस इथे गर्दीतही रेंगाळतो. पत्र्याला मागून ठोकून आकृती पुढे आणण्याचे काम त्याने घरी पाहिलेले असते, आणि इतक्या पातळ पत्र्यात चेहऱ्याचे भाव कसे काढले असतील हे त्यालाच नेमके कळते. संगमरवर परदेशी, चांदी इथली. कौतुक बहुधा संगमरवराच्या वाट्याला जाते, आणि ते या कारागिरांवर अन्याय करणारे आहे.

पेटी उंचावर असल्यामुळे खालून पार्थिव नीट दिसत नाही. १९५५ पासून ते काचेच्या आवरणात आहे. ‘नखं अजून वाढतात’, ‘केस वाढतात’ असे सहलीच्या गाडीत हमखास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. शरीर वाळून आकसलेले आहे. ही इजिप्तसारखी मसाले भरून केलेली ममी नव्हे, हे मुलांना सांगावे लागते. श्रद्धाळूंसाठी ते पवित्र अवशेष आहेत, आणि त्यांच्यासमोर तसेच बोलावे.

संभाजी महाराज आणि संताची काठी

मराठी माणसाच्या दृष्टीने या चर्चमधला सर्वांत मोठा प्रसंग १६८३ चा आहे आणि तो आत कुठे लिहिलेला नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुन्या गोव्याजवळच्या जुवे बेटावरचा किल्ला रात्रीत घेतला. तो परत घ्यायला गेलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर, मार खाऊन जेमतेम जीव वाचवून परतला. शहर पडते की काय अशी अवस्था झाली. तेव्हा तो बॉम जेझसमध्ये आला, संताची पेटी उघडायला लावली, आपला अधिकारदंड त्या पार्थिवापाशी ठेवला आणि राज्य आता तुम्हीच सांभाळा अशी प्रार्थना केली. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज घाट उतरून आली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. पोर्तुगीजांनी याचे श्रेय संताला दिले, इतिहासकार औरंगजेबाच्या मोहिमेला देतात. नवे गव्हर्नर पदभार घेताना दंड समाधीपाशी जाऊन घेऊ लागले. संगमरवरी चौथरा तेव्हा नव्हता. आज दिसते ती चांदीची पेटी मात्र तीच.

मंगेशी आणि बॉम जेझस एका दिवसात

कोल्हापूरची बहुतेक कुटुंबे जुने गोवे आणि गोव्यातल्या फोंड्याची देवळे एकाच दिवसात करतात: सकाळी मंगेशी, शांतादुर्गा, उतरत्या उन्हात चर्च, किंवा उलट. अंतर थोडे आहे म्हणून असे ठरते. पण या दोन ठिकाणांना इतिहासानेच एकत्र बांधले आहे. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळीला होते. पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केल्यावर १५६० मध्ये भाविकांनी देव नदीपलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला नेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. तिचे आजचे देऊळ अठराव्या शतकात शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. १५६० हेच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाल्याचे वर्ष. ते मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. ते नेमावे अशी विनंती झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती, हे खरे आहे; ते सुरू होण्याआधी आठ वर्षे त्यांचे निधन झाले होते, हेही खरे. चर्चमध्ये उभे राहताना या दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात. त्यामुळे गोव्यातली माणसे, त्यांत हिंदूही, ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांच्यापुढे मेणबत्ती का लावतात, हे समजायला अडचण येत नाही.

याच जेझुइटांनी मराठीलाही दिले आहे. इंग्लंडातून आलेले फादर स्टीफन्स गोव्यात राहून मराठी ओवी लिहायला शिकले, आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातच छापले गेले.

आत वागण्याची रीत

देवळात पायताण बाहेर आणि टोपी डोक्यावर. चर्चमध्ये नेमके उलटे. पायताण घालून आत जातात, पुरुष मात्र डोक्यावरची टोपी काढतात. फेटा किंवा गांधी टोपी घातलेले आजोबा दारात थबकतात, चपला कुठे ठेवायच्या ते शोधतात. त्यांना हळूच सांगावे. चप्पल काढून आत गेले तरी कोणी हरकत घेत नाही. गुडघ्यांच्या वर जाणारे आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. माणसांचे उभे राहून काढलेले फोटो आत मना आहेत. प्रवेशाला तिकीट नाही.

मिस्सा, म्हणजे उपासना, चालू असेल तर फिरू नये. मागच्या बाकावर बसून राहायला अडचण नसते. रविवारी सकाळी मिस्सा असल्याने पर्यटकांना उशिरा सोडतात. मिस्सेच्या शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन फादरांकडून पातळ पांढरी भाकर घेतात. तो प्रसाद आहे असे समजून आपली माणसे रांगेत उभी राहतात. हा प्रसाद नव्हे. तो कॅथलिकांचा संस्कार आहे, इतरांनी घ्यायचा नसतो. कोल्हापुरातील जुनी ख्रिस्ती परंपरा १८५२ मध्ये आलेल्या रॉयल वायल्डर यांच्या प्रॉटेस्टंट मिशनची. तिथे संतांचे अवशेष पूजण्याची प्रथा नाही. त्यामुळे तिथल्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये वाढलेल्या माणसालाही इथले बरेच काही नवे असते.

हार-फुले, हळदकुंकू, नारळ आणू नये. बाहेर मेणबत्त्या मिळतात आणि त्या नेमून दिलेल्या जागी बाहेरच लावतात. त्यांच्याच शेजारी मेणाचे हात, पाय आणि बाळाच्या बाहुल्या मांडलेल्या असतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, त्याने ते वाहायचे. देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

वेळ राहिल्यास रस्त्यापलीकडे सेंट कॅथरीनला वाहिलेले से कॅथेड्रल आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. त्याला लागून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींबरोबर तिथे आपल्या गावच्या वेशीवर असतात तसले वीरगळ ठेवलेले आहेत. शुक्रवारी ते बंद असते.

फेस्त आणि शवप्रदर्शन

संताचे फेस्त, म्हणजे वार्षिक सण, ३ डिसेंबरला असते. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे तयारीच्या प्रार्थना, चालतात. त्या दिवसांत गोव्यातून, तसेच सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून पायी यात्रेकरू येतात. बाहेर फेरी, म्हणजे जत्रा, भरते, खाज्याचे ढीग लागतात. जोतिबाची यात्रा पाहिलेल्या माणसाला या गर्दीची भीती वाटत नाही, पण गाडी लांब लावावी लागते आणि समाधीपाशी क्षणभरही थांबता येत नाही. नुसते चर्च पाहायचे असेल तर हे दिवस टाळून जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जावे.

दर दहा वर्षांनी पार्थिव खाली उतरवून मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि दीडेक महिना लोकांच्या दर्शनासाठी ठेवतात. गोव्यात याला शवप्रदर्शन म्हणतात. पहिले १७८२ मध्ये झाले, अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात. एरवी उंचावर असलेली पेटी तेव्हा छातीच्या उंचीवर येते. रांग तिच्या अगदी जवळून सरकते, आणि माणसे पायांकडच्या काचेला हात लावून तो कपाळाला लावतात.