घोणस तीच, विष निराळं

घोणस चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आला की डॉक्टर एक अगदी साधी तपासणी करतात. शिरेतून 2 मिली रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालतात, नळी उभी ठेवतात आणि 20 मिनिटं तिला हात लावत नाहीत. मग नळी एकदाच तिरकी करून बघायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती जागची हलत नाही. रक्त सरळ वाहिलं तर विषानं रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडली आहे असं समजायचं आणि प्रतिविष सुरू करायचं. नळी मात्र काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि नळीत साबणाचा अंश राहिला असेल तरी हाच घोटाळा होतो. एवढं सांभाळलं तर यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. मला ही तपासणी फार महत्त्वाची वाटते, कारण सर्पदंशाची खरी लढाई जिथे होते त्या ठिकाणी ती करता येते.

तपासणीनंतर प्रश्न येतो कुप्यांचा. दवाखान्यात प्रतिविषाला एएसव्ही म्हणतात. त्याची पांढरी भुकटी 10 मिली पाण्यात विरघळवतात. कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो. तळहातात धरून हळूहळू फिरवायची. भारतीय मानकानुसार 1 मिली औषधानं घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं, म्हणजे एका कुपीनं 6 मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष टोचते असं आपल्याकडच्या उपचारपद्धतीत धरलेलं आहे. भागाकार केला की सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या का लावतात ते कळतं. पाच वर्षांच्या मुलालाही तेवढ्याच कुप्या लागतात. औषध रुग्णाच्या वजनावर ठरत नाही, आत गेलेल्या विषावर ठरतं आणि समोर लहान मूल आहे म्हणून घोणस हात आखडता घेत नाही.

हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: घोणशीचं विष सगळीकडे सारखंच असतं. ते तसं नाही, हे गेल्या काही वर्षांत भारतीय शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

भारतातल्या बहुतेक एएसव्हीसाठी लागणारं विष येतं तमिळनाडूतून. महाबलीपुरमजवळ वडनेम्मेली इथे इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, 1978 पासूनची. इरुला लोक शेताच्या बांधावर उमटलेल्या माग-खुणा वाचून साप शोधतात. पकडलेले साप मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडाला कापड बांधलेलं. काही आठवड्यांत काही वेळा त्यांचं विष काढलं जातं, पोटावरच्या खवल्यावर खूण केली जाते, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही, आणि मग त्याला रानात सोडून देतात. या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती अगदी योग्य माणसांना मिळाली. त्यांच्या हातांनी काढलेल्या विषावर देशातले असंख्य जीव वाचले आहेत. पण ते साप आहेत तमिळनाडूच्या एका टापूतले. त्यांच्या विषावर बेतलेलं औषध राजस्थानात, बंगालात आणि आपल्या विदर्भातही तेच वापरलं जातं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांचा गट विषांच्या उत्क्रांतीवर काम करतो. 2025 मध्ये त्यांनी घोणशीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. देशभरातल्या 34 ठिकाणांहून 115 घोणशींचं विष गोळा करून त्यातली विकरं (एन्झाइम) किती जोमानं काम करतात ते मोजलं आणि त्या त्या ठिकाणच्या तापमान-पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिलं. विषातल्या फरकाचा काही भाग हवामानावरून सांगता येतो असं दिसलं. प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे प्रोटिएज, कोरड्या भागातल्या घोणशींमध्ये जास्त सक्रिय निघाली. ही विकरं दंशाच्या जागचं मांस सडवतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडतात. म्हणजे घोणस कोणत्या मुलखातली आहे यावर रुग्णाचा पाय किती सुजणार, किती काळा पडणार हेही काही अंशी ठरतं. याच गटाच्या आधीच्या कामातून घोणशीच्या पिल्लाचं विषही मोठ्या सापाच्या विषाहून वेगळं असतं, हे पुढे आलं होतं.

असं का व्हावं? सापाच्या दृष्टीनं विष हे शिकारीचं साधन आहे, माणूस त्यात अपघातानं येतो. कुठे उंदीर मुबलक, कुठे सरडे जास्त. कुठे भक्ष्य चटकन आडवं पडायला हवं, नाहीतर ते बिळात निसटतं. पिढ्यान् पिढ्या जे मिश्रण त्या जागी चाललं ते टिकलं. घोणशीच्या विषातले काही घटक रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकांना एकदम चालना देतात. उंदराच्या चिमूटभर देहात लगेच गुठळ्या होतात आणि तो मरतो. माणसाच्या शरीरात रक्त जास्त, त्यामुळे गोठवणारा सगळा माल हळूहळू खर्ची पडतो आणि शेवटी रक्त गोठेनासंच होतं. हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, मूत्रपिंडं बंद पडतात. काचेच्या नळीत दिसतो तो याचाच शेवट.

विष जागेनुसार बदलतं, हे ज्ञान काही आजचं नाही. आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरनं 1890 च्या दशकात नागाच्या विषावर पहिला रक्तद्रव, म्हणजे प्रतिविष, बनवला तेव्हा तो सगळ्या सापांवर चालेल असं त्याला वाटत होतं. ब्राझीलमधल्या व्हिताल ब्राझील यांनी तो तिथल्या सापांवर तपासला आणि चालत नाही हे दाखवून दिलं. मग त्यांनी तिथल्या सापांसाठी तिथलंच औषध बनवलं. सव्वाशे वर्षं झाली या गोष्टीला. एवढ्या मोठ्या आणि इतक्या वेगवेगळ्या हवामानांच्या देशात आपण अजून मुख्यतः एकाच कोपऱ्यातल्या विषावर विसंबून आहोत, हे मला पटत नाही.

औषध बनवण्याची रीतही मुळात काल्मेतच्याच काळातली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाची अगदी थोडी मात्रा घोड्याला टोचायची, ती हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाला चिकटून ते निष्प्रभ करणारी प्रथिनं, तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी कित्येक दशकं जोडलेलं आहे. पण घोडा आयुष्यभरात किती तरी जंतूंना आणि धूलिकणांना तोंड देत असतो, त्या सगळ्यांविरुद्धची प्रतिपिंडंही त्याच कुपीत येतात. मूठभर दाण्यांसाठी सगळं पोतं शरीरात ओतण्यासारखं आहे हे. त्यात प्रथिन घोड्याचं, म्हणून काही रुग्णांना थंडी वाजते, अंगावर पित्त उठतं, क्वचित रक्तदाब एकदम कोसळतो. एएसव्ही देताना डॉक्टर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवतात ते यासाठी. आणि पश्चिम घाटातल्या चापड्यासारख्या, या चौघांबाहेरच्या सापांवर हे औषध बेतलेलंच नाही.

घोड्यावाचून औषध बनवण्याच्या प्रयत्नांची बातमी गेल्या दोन-तीन वर्षांत सारखी येते आहे आणि त्या बातम्या खरोखर उत्साह वाढवणाऱ्या आहेत. 2024 साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेनं सुनगर यांच्या गटाबरोबर मानवी प्रतिपिंडांच्या भल्या मोठ्या संग्रहातून एक प्रतिपिंड वेचून काढलं. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला ब्लॅक माम्बा यांच्या विषात मज्जातंतूंना बधिर करणाऱ्या विषद्रव्यांचं एक कुटुंब असतं, त्याला ते घट्ट चिकटतं. जानेवारी 2025 मध्ये डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेनं याच जातीच्या विषद्रव्यांना अडवणारी, निसर्गात कुठेही नसलेली प्रथिनं संगणकावर रचली आणि त्यांनी उंदीर वाचले. बेकर यांना प्रथिनांच्या अशाच रचनेसाठी 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं आहे. मे 2025 मध्ये टिम फ्रीडी या अमेरिकन माणसाच्या रक्तातून मिळवलेल्या दोन प्रतिपिंडांची गोष्ट आली. त्यानं सुमारे 18 वर्षं स्वतःला विष टोचून घेतलं होतं आणि दोनशेहून जास्त वेळा सापांचे दंश करून घेतले होते. ते त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर केलं. कुणीही मनातसुद्धा आणू नये असा हा प्रकार आहे. पण त्याच्या प्रतिपिंडांना व्हॅरेस्प्लॅडिब नावाच्या औषधाची जोड दिल्यावर 19 पैकी 13 सापांच्या विषापासून उंदरांचं पूर्ण आणि उरलेल्या सहांपासून अंशतः रक्षण झालं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या गटानं अल्पाका आणि लामा यांच्या इवल्याशा प्रतिपिंडांपासून आफ्रिकेतल्या 18 पैकी 17 सापांवर चालणारं मिश्रण तयार केलं.

आता या चारही बातम्या पुन्हा वाचा. चारही नाग-मण्यार-माम्बा यांच्या कुळाबद्दल आहेत. घोणस आणि फुरसं त्यांत कुठेच नाहीत. ‘सर्व सापांवर एकच औषध’ असे मथळे मोबाइलवर फिरतात तेव्हा आपल्या वाचकानं हे नक्की ध्यानात ठेवावं. भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे 58,000 माणसं मरतात, असं 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात तपासलेल्या दंशांच्या नोंदींमध्ये 43 टक्के दंश घोणशीचे होते. घोणशीच्या विषात एकमेकांपासून फार वेगळी अनेक द्रव्यं असतात, वर ती जागेनुसार बदलतात. एखाददुसरं प्रतिपिंड तिथे पुरणार नाही. नागावरचं काम सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं अवघड गणित अजून सुटायचं आहे.

व्हॅरेस्प्लॅडिबकडून मात्र घोणशीच्या बाबतीतही थोडी आशा आहे, कारण ते अडवतं ते विकर बहुतेक सगळ्या विषारी सापांत आढळतं. ते तोंडानं घेता येतं आणि भारतातल्या व अमेरिकेतल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आहे. सरसकट सर्व रुग्णांत ठळक फायदा दिसला नाही. दंशानंतर लवकर औषध मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. दवाखाना लांब असलेल्या वाडीवर अशी गोळी हाताशी असणं किती मोलाचं ठरेल, ते कोकणात किंवा मेळघाटात राहणाऱ्याला सांगायला नको.

तोवर आहे ते औषध वेळेत मिळणं हीच मुख्य गोष्ट आहे. दंशाच्या वर करकचून दोरी बांधू नका, ब्लेडनं कापू नका, तोंडानं विष ओढू नका. अंगठी, पैंजण, करगोटा सूज चढायच्या आत काढा. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला सैलसर बांधा, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. साप मारून किंवा पकडून नेण्यात वेळ घालवू नका. चौघांवरचं औषध एकच आहे, डॉक्टर लक्षणांवरून ते सुरू करतात. मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. पावसाळ्यात असं काही झालं तर अपचन म्हणून सोडा पिऊन झोपू नका. तिचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं, ती पुन्हा वाढेपर्यंत काही दिवस कृत्रिम श्वासावर काढावे लागू शकतात. त्यामुळे व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायचं. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक दंशाची आणि मृत्यूची नोंद बंधनकारक करावी असं राज्यांना कळवलं गेलं. हे नोंदीचं काम कागदी वाटेल, पण महाडमध्ये काय घडलं ते आठवून पाहा. कोकणात विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यातून प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर लागू पडते हे जगाला दाखवलं. घोणशीच्या बाबतीत आज असंच हवं आहे. दंश कोणत्या गावात झाला, साप कोणता होता, रक्त गोठायला लागेपर्यंत किती कुप्या लागल्या, मूत्रपिंडं वाचली की नाही, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लिहून ठेवलं गेलं पाहिजे. मग एएसव्ही कोणत्या तालुक्यात कमी पडतं ते नकाशावर दिसेल. साप वन्यजीव कायद्यानं संरक्षित असल्यामुळे विष गोळा करायला वन खात्याची परवानगी लागते. कोणत्या भागातलं विष घोड्यांना टोचायच्या मिश्रणात यायला हवं, हे त्या नकाशावरून ठरवून ती परवानगी मागता येईल.