चुना, डिस्टेंपर आणि पुन्हा चुना: दसऱ्याआधीच्या भिंतींची पार्श्वभूमी

यंदा दसरा-दिवाळीला घर रंगवायला काढणाऱ्यांपुढे दोन गोष्टी हमखास येतील: विटकरी-मातकट रंग आणि ‘लाइमवॉश’ म्हणजे चुन्याच्या पातळ लेपाने आलेली ढगाळ छटांची, किंचित खरबरीत भिंत. मातकट रंगांची हवा काही वर्षांपासून आहे. एशियन पेंट्सने 2024 चा रंग म्हणून ‘टेरा’ निवडला, तर पँटोनने 2025 साठी तपकिरी ‘मोका मूस’. पण या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत पूर्वापार होत्या, आणि त्या दसऱ्याच्या तोंडावरच का होत्या यालाही कारण आहे.

ते कारण म्हणजे पावसाळा. चार महिने भिंती पाणी पितात, ओल वर चढते, कोपऱ्यांत बुरशी धरते. भाद्रपद सरता सरता ऊन पडू लागलं की गावोगावी ‘दसरा काढतात’. गोधड्या नदीवर जातात, भांडी अंगणात येतात आणि घटस्थापनेआधी भिंतींवर नवा हात फिरतो. मातीच्या भिंतीला शेण-मातीचं सारवण आणि गेरू, पक्क्या भिंतीला चुना. गेरू आणि पिवडी (पिवळी माती) हे तर मातीतूनच मिळणारे रंग. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही कातळावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग हेच रंग वापरले.

चुन्याचं काम पाहण्यासारखं असे. कळीचा चुना पिंपातल्या पाण्यात टाकला की खदखदू लागे, वाफा निघत, मुलांना लांब उभं करत. निवल्यावर तो फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक आणि पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ घालायची. कुंच्याने दिलेला ओला हात आधी करडा, जवळजवळ पारदर्शक दिसतो. वाळता वाळता भिंत उजळत जाते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची पुन्हा चुनखडी बनते. या थराला बारीक छिद्रं असल्याने भिंतीतली ओल बाहेर पडते, आणि चुना क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी तग धरत नाही. इतका स्वस्त आणि इतका समजूतदार लेप मला दुसरा माहीत नाही.

मग तो मागे का पडला? दर वर्षी द्यावा लागे, अंगाला लागे, रंगांची निवड थोडी. दरम्यान मुंबईत रंगांचे कारखाने उभे राहिले होते. आजच्या नेरोलॅकची सुरुवात 1920 मध्ये लोअर परळला झाली. 1942 मध्ये गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात ब्रश धरलेला गट्टू हा या कंपनीचा बोधचिन्ह-मुलगा घरोघरी पोचला. तिच्याच ट्रॅक्टर डिस्टेंपरने, म्हणजे पाण्यात कालवायच्या स्वस्त रंगाने, मध्यमवर्गीय खोल्यांना फिकट हिरवा, गुलाबी, आकाशी रंग दिला. बाहेरच्या भिंती स्नोसेम या सिमेंटच्या रंगाने रंगल्या. त्यानंतर आले धुता येणारे प्लॅस्टिक पेंट आणि हवी ती छटा मिनिटांत मिसळून देणारी यंत्रं. सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्लॅस्टिक पेंटचा पडदा ओल सहजासहजी बाहेर सोडत नाही. पावसाळ्यानंतर खिडकीखाली रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, ते यामुळेच.

म्हणून लाइमवॉशच्या पुनरागमनाचं मला मनापासून स्वागत वाटतं. फक्त घेताना डब्यात काय आहे ते वाचा. या नावाखाली चुन्यासारखा दिसणारा, पण प्लॅस्टिक पेंटच्याच जातीचा ॲक्रिलिक रंगही विकला जातो. तो दिसतो छान, पण चुन्याचं काम करत नाही. खरा चुना प्लॅस्टिक पेंटवर नीट धरतही नाही. जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडून, भिंत पाण्याने भिजवून पातळ हात द्यावे लागतात, आणि ओल मुळात गळक्या नळातून किंवा छतातून येत असेल तर आधी ती गळती बंद करावी लागते.