पार्श्वभूमी : चाकांची पिन, शेजारचे भोक आणि ३६ महिन्यांची मुदत

विमान जमिनीवर उभे असताना चाके दुमडू नयेत म्हणून त्यांच्या यंत्रणेतल्या भोकात लाल पट्टी लावलेली पिन घालतात आणि उड्डाणाआधी ती काढतात. ती काढायची राहून गेली तर उड्डाणानंतर चाके आत जात नाहीत. वैमानिक माघारी फिरतो, प्रवासी वैतागतात, आणि बातमी दुसऱ्या दिवशी विरते. ए-३२० सारख्या विमानातून हवेत इंधन सोडून देता येत नाही, त्यामुळे ते जाळून वजन उतरेपर्यंत घिरट्या घालायच्या, नाहीतर जडच उतरायचे. चाके बाहेर ठेवून रेटत राहिले तर काय होते, ते जुलै २०१७ मध्ये कोलकाता-मुंबई विमानाने दाखवले. तिथे पिनचा संबंध नव्हता, चाके आत घ्यायचेच विसरले होते. इंधन भराभर उडाले आणि विमान नागपूरला उतरवावे लागले.

पिन भलत्याच भोकात जाणे मात्र याहून वाईट. १८ जून २०२१ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक बोइंग ७८७-८ विमान माल घेऊन फ्रँकफर्टला निघायचे होते. चाकांच्या यंत्रणेतल्या एका बिघाडाचा संदेश येत होता. तो निकाली काढण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, विमान जमिनीवर असतानाच कॉकपिटमधली चाकांची कळ वर-खाली करायची होती. अर्थात त्याआधी सगळ्या चाकांना पिना लावून. पुढच्या चाकाच्या भोकापर्यंत प्रमुख मेकॅनिकचा हात पोचेना. त्याने सहकाऱ्याला जागा बोटाने दाखवली. सहकारी शिडीवर चढला आणि पिन बसवली, पण शेजारच्या भोकात. तीही नीट आत गेली, लाल पट्टी खाली लोंबली, सगळे ठीक दिसले. कळ वर गेली तशी मागची चाके जागची हलली नाहीत, पुढचे मात्र दुमडले आणि विमानाचे नाक जमिनीवर आपटले. दोघांना किरकोळ दुखापत झाली. विमान हवेत असते तर वगैरे चर्चा इथे गैरलागू आहे, कारण हा धोका जमिनीवरचाच.

खरा वाद आहे तो आधीच्या निर्णयाचा. याच प्रकारच्या विमानांत ही चूक पूर्वीही घडली होती. म्हणूनच अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने ते फसवे भोक बुजवण्याचा आदेश काढला आणि तो १६ जानेवारी २०२० पासून लागू झाला. मुदत दिली ३६ महिने. म्हणजे हीथ्रोच्या दिवशी आदेशाला १७ महिने झाले होते, या विमानाचे भोक उघडेच होते, आणि नियम कुणीही मोडलेला नव्हता.

मुदतीच्या बाजूने बोलायचे तर जगभरच्या विमानांना सुटे भाग पुरवायचे, प्रत्येक विमान ठरलेल्या देखभालीला येईल तेव्हा काम उरकायचे, आणि हवेतल्या सुरक्षेशी निगडित कामांना आधी हात घालायचा, हे हिशेब खोटे नाहीत. पण काम होते भोकात एक टोपण बसवण्याचे. त्यातून २०२० साली साथीमुळे निम्मे जग विमाने उभी करून बसले होते. शिडीवरच्या माणसाची चूक सगळ्यांना दिसते, तीन वर्षांची मुदत देणाऱ्या कागदाकडे कुणी फारसे पाहत नाही. दोन सारखी भोके शेजारी शेजारी ठेवली की कधीतरी कुणीतरी चुकणारच, हे आदेश काढणाऱ्यांनाच ठाऊक होते. नाहीतर आदेश काढला कशाला?

जमिनीवर लावलेली वस्तू तशीच घेऊन उडण्याचा इतिहास मात्र जुना आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये अमेरिकेत राईट फील्डवर एक नवे बाँबर विमान वाऱ्याने शेपटीचे हलते भाग आपटू नयेत म्हणून लावलेले कुलूप न काढताच उडाले आणि कोसळले. वैमानिकांची चेकलिस्ट रुजली ती त्यानंतर.

तरी जुलै २०१८ मध्ये ब्रिस्बेनहून रात्री क्वालालंपूरला निघालेल्या ए-३३० च्या वेगमापक नळ्यांवरची कव्हरे तशीच राहिली. तिथल्या कुंभारमाश्या नळ्यांत मातीचे घर बांधतात म्हणून ती लावतात. लाल पट्ट्या लोंबत असूनही ना अभियंत्याच्या फेरीत दिसल्या ना वैमानिकाच्या. कॉकपिटमध्ये वेगच दिसेना. वेगाची माहिती देणारे संगणक बंद करून पर्यायी मोजपट्टीवर उडवावे लागले, आणि ते बंद झाल्यावर चाके नेहमीच्या पद्धतीने बाहेर काढता येत नाहीत. शेवटी ती गुरुत्वाकर्षणाने खाली सोडली. विमान सुखरूप उतरले, पण पुढचे चाक वळवता येत नसल्याने टो करून बाहेर न्यावे लागले.